कडुलिंबाखाली शतावरी

देऊळगाव राजाच्या एखाद्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत मोठा कडुलिंब असेल, तर त्याच्याखालचा तुकडा बहुधा ओसाडच राहतो. उन्हाअभावी गुलाब, झेंडू तिथे नीट फुलत नाहीत. अशा जागी शतावरी लावावी. ती आपल्याच रानातली, झुडपांच्या आडोशाने वर चढणारी वेल. विरळ सावली तिला मानवते आणि एकदा रुजली की वर्षानुवर्षं टिकते.

तिचा खरा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि शतावरीच्या मांसल मुळ्या त्यात कुजतात. म्हणून कडुलिंबाच्या खोडापासून तीन-चार फूट सोडून फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. मातीत मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. एवढी मेहनत आधी घेतली, तर पुढे फार काही करावं लागत नाही.

पिकलेल्या लाल फळातलं काळं बी टणक असतं. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये पिशव्यांत टाकावं. उगवायला महिनाभरही लागतो आणि सगळं बी एकदम उगवत नाही, तेव्हा पिशवी रिकामी करायची घाई करू नये. रोप वीतभर झालं की वाफ्यात लावून शेजारी काठी रोवावी.

वेल जवळून पाहा. सुईसारखी हिरवी पानं दिसतात, ती खरं तर बारीक फांद्या आहेत. अन्न तयार करायचं काम त्याच करतात. खोडावर मागे वळलेले काटे असतात, त्यांच्या आधाराने ती वर चढते. पावसाळा सरल्यावर बारीक पांढरी, सुगंधी फुलं येतात.

उन्हाळ्यात वेल वाळली, तरी उपटू नका. जमिनीखाली बोटाएवढ्या जाड मुळ्यांचा झुबका पाणी आणि अन्न साठवून बसलेला असतो. आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी पुरे. पहिल्या पावसानंतर बुडातून जाड, लुसलुशीत कोंब वर येतात. रानभाज्यांची आवड असलेली माणसं त्यांची भाजी करतात; पण लहान वेलीचे कोंब मुळीच खुडू नयेत, कारण पुढची वाढ त्यांच्यातूनच होते.

मुळ्या हव्या असतील, तर दोन-अडीच वर्षं थांबावं. रानात मुळ्यांसाठी अख्खी वेल खणून नेतात आणि तिथली शतावरी संपते. बागेत एका बाजूने उकरून चार मुळ्या घ्याव्यात, डोळे असलेलं बूड तसंच ठेवावं आणि माती पुन्हा दाबून द्यावी.