लेकराच्या अंगावरचे मोत्यासारखे दाणे जात नाहीत? बिब्बा, चुना लावण्याआधी हे वाचा

धामणगाव बढे (ता. मोताळा) : लेकराच्या काखेत, छातीवर, पोटावर नाहीतर मांडीवर बारीक, गोल, चकचकीत दाणे येतात. दुखत नाहीत, तापही नसतो. घरचे आठ दिवस वाट पाहतात, मग मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात. दाणे जायचे सोडून वाढतात. महिना जातो, दोन महिने जातात. मग ज्याला भेटावं तो एक उपाय सांगतो. कुणी बिब्बा सांगतं, कुणी चुना-सोडा, कुणी रुईचा चीक. खरी इजा बऱ्याचदा इथूनच सुरू होते. कारण हे दाणे स्वतः लेकराचं फारसं नुकसान करत नाहीत, चुकीचा उपाय मात्र आयुष्यभराचा डाग ठेवून जातो.

हे दाणे नेमके काय?

डॉक्टरी भाषेत याला 'मोलस्कम कॉन्टॅजिओसम' म्हणतात. नाव अवघड आहे, ओळखणं सोपं. दाणा साधारण २ ते ५ मिलिमीटरचा, म्हणजे मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. कातडीच्याच रंगाचा किंवा थोडा पांढुरका, मोत्यासारखा चमकणारा. बारकाईने पाहिलं तर मधोमध खळगी दिसते. हीच मुख्य खूण. आत पांढरा, घट्ट, दह्याच्या कवडीसारखा पदार्थ असतो आणि त्यातच विषाणू असतो.

चामखीळ वेगळी. ती खरखरीत असते, बहुतेक हातापायांवर येते आणि तिचा विषाणूही वेगळा. कांजिण्याही वेगळ्या. त्यात ताप येतो, पाण्याचे फोड येतात आणि दोन आठवड्यांत खपल्या धरतात.

या विषाणूचं घराणं मात्र जुनं आहे. देवीचा रोग ज्या विषाणूंच्या कुळातला, त्याच कुळातला हा. पण देवी जीव घेत होती, हा घेत नाही. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्यानंतर तो रोग संपला. त्यामुळे अंगावर दाणे दिसले म्हणून "माता आली" समजून लेकराची आंघोळ बंद करायचं कारण नाही. आंघोळ रोज घालावी.

किती दिवस राहतात?

बऱ्याच जणांचा धीर इथेच सुटतो. हे दाणे आठवड्यात जाणारे नाहीत. बहुतेक लेकरांमध्ये ते ६ ते १८ महिन्यांत आपोआप जातात. इंग्लंडमध्ये ३०६ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दाणे जायला सरासरी १३ महिने लागले. १०० पैकी ३० मुलांना दीड वर्षानंतरही दाणे होते आणि १३ मुलांना दोन वर्षांनंतरही. म्हणजे वर्ष झालं तरी दाणे आहेत, याचा अर्थ काही भयंकर आहे असा नाही.

जायच्या आधी दाणे लाल होतात, सुजतात, खाजतात. पाहणाऱ्याला वाटतं की पिकले, बिघडले. बऱ्याचदा ती अंगातली प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते. त्यानंतर काही आठवड्यांत दाणे सुकू लागतात.

मग "आमच्या पोराला गुण आला" ते कसं?

जो आजार वर्षभरात आपोआप जातो, त्यात जाण्याच्या वेळी जो उपाय चालू असेल त्याचं नाव होतं. एकाला बिब्ब्यानं गुण आला, दुसऱ्याला थुजाच्या गोळ्यांनी, तिसऱ्याला दोरा बांधून. तिघंही खोटं बोलत नाहीत. पण काहीच केलं नसतं तरी दाणे गेलेच असते, हे कुणी पाहिलेलं नसतं.

जगभरातल्या २२ अभ्यासांची एकत्र तपासणी २०१७ मध्ये झाली. कोणताही एक उपाय खात्रीनं चालतो असा पक्का पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणून लेकरासाठी उपाय निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा : यानं इजा तर होणार नाही ना?

हे करू नका

बिब्बा : बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, काळा डाग राहतो. लहान लेकराची कातडी पातळ असते, तिथे जखम खोल जाते.

चुना आणि धुण्याचा सोडा : हे दोन्ही ओले करून एकत्र केले की कॉस्टिक तयार होतं. ते दाणा जाळतं, पण तिथेच थांबत नाही. गंमत म्हणजे डॉक्टर देतात ते एक औषधही अशाच क्षार जातीचं असतं, पण ते मोजलेलं असतं. फवारणीचं औषध पंपात अंदाजानं ओतलं तर पीक जळतं, तसंच हे आहे.

रुईचा चीक : लेकरू तोच हात डोळ्याला लावतं. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि दिसायला अंधुक होतं.

उदबत्तीचा चटका, दाणा फोडणे, नखानं पिळणे : आतला पांढरा पदार्थ जिथे लागेल तिथे नवा दाणा येऊ शकतो. जखम पिकते ती वेगळीच.

खाज-गजकर्णाची ट्यूब : अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज थांबते म्हणून बरं वाटतं, पण तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि दाणे पसरू शकतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी नसेल तर मागू नका.

घरी काय करावं?

नखं कापून ठेवा. खाजवल्यानं दाणे रांगेत वाढत जातात.

लेकराचा टॉवेल, पंचा, कपडे वेगळे ठेवा. वर सांगितलेल्या अभ्यासात १०० पैकी साधारण ४० घरांत दुसऱ्या मुलांनाही दाणे आले होते. भावंडांना एका टबात आंघोळ घालू नका. तांब्यानं पाणी घालून आंघोळ चालते.

अंग पुसताना चोळू नका, टिपून घ्या. दाण्यांची जागा शेवटी टिपा.

आंघोळीनंतर कोरड्या कातडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. यानं दाणे जात नाहीत, पण कातडी मऊ राहते, खाज कमी होते आणि खाज कमी झाली की पसरणंही कमी होतं. दाण्यांवर मात्र चोळू नका.

शाळा, अंगणवाडी बंद करू नका. दाणे कपड्यानं झाकले म्हणजे पुरे. विहिरीत, तळ्यात पोहायला जाणाऱ्यांनी टॉवेल एकमेकांचा वापरू नये.

डॉक्टर काय करतात?

दाणे थोडे असतील आणि लेकराला त्रास नसेल, तर चांगला डॉक्टरही "थांबा" म्हणतो. औषध दिलं नाही म्हणून डॉक्टर बदलायची घाई करू नका.

उपचार करायचाच असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं ५ किंवा १० टक्क्यांचं द्रावण देतात. ते काडीच्या टोकानं फक्त दाण्यावर लावायचं असतं. थोडं झोंबतं. दाणा लाल झाला की डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे थांबायचं. बाटली लेकराच्या हाती लागू देऊ नका.

दुसरी पद्धत म्हणजे बधिर करणारी क्रीम लावून, तासाभरानं दाणे हलकेच खरवडून काढणे. एका वेळी थोडेच काढतात. गोठवण्याची पद्धतही आहे, पण ती दुखते आणि सावळ्या कातडीवर पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो. लहान लेकरासाठी ती शेवटी ठेवावी.

कधी थांबू नये?

पापणीवर किंवा डोळ्याजवळ दाणे असतील, दाण्यातून पू येत असेल, भोवतीची लाली पसरत असेल, ताप असेल, दाणे खूप मोठे किंवा सगळ्या अंगभर असतील, लेकरू वारंवार आजारी पडत असेल किंवा त्याचं वजन वाढत नसेल, तर वाट पाहू नका. लघवीच्या जागेजवळ दाणे असतील तरी डॉक्टरला दाखवा. बऱ्याचदा खाजवलेल्या हातानंच ते तिथे गेलेले असतात, म्हणून लाजू नका आणि लेकराला रागावूही नका.

कुठे दाखवायचं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. प्रत्येक वेळी राजूर घाट चढून बुलढाण्याला जायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांच्या यादीत कातडीचे आजारही आहेत. पथक येईल त्या दिवशी लेकराला शाळेत नक्की पाठवा आणि दाण्यांबद्दल सर-मॅडमला आधी सांगून ठेवा. पुढे पाठवायची गरज वाटली तर पथक चिठ्ठी देतं. ई-संजीवनीवरून मोबाईलवर डॉक्टरचा मोफत सल्ला मिळतो, १०४ क्रमांकावरही विचारता येतं. महिन्यातून एकदा त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. दाणे वाढले की घटले, हे डॉक्टरला एका नजरेत कळतं.

हे दाणे गेल्यावर बहुधा डागही राहत नाही, राहिलाच तर बारीकशी खळगी. बिब्ब्याचा डाग मात्र पोरगी लग्नाची झाली तरी तिथेच असतो. औषधाची घाई झाली तर एवढं आठवावं.