'आज रोजा नाही का?'

सहेरीसाठी पहाटे चारला घरात दिवा लागतो. मुलं अजून झोपेत, चुलीवर चहा. पण तिचा उजवा डोळा उघडत नाही. पापणी गच्च सुजलेली, वरचा ओठ जड, पोटावर आणि मांड्यांवर लालसर गांध्या. खाज तर रात्रभर होतीच. आरशासमोर उभी राहून ती ठरवते, आज रोजा ठेवायचा की नाही.

संध्याकाळपर्यंत गांध्या बऱ्याचदा नाहीशा होतात. इफ्तारला आलेल्यांना आजार दिसतच नाही. दिसतो तो फक्त सुटलेला रोजा. मग सगळ्यांचा एकच प्रश्न: "भाभी, आज रोजा नाही?"

घरोघरी याला 'अंगावर पित्त उठलं' म्हणतात. शेजारच्या काकू मायेनं आमसुलाचं पाणी आणून देतात. सासूबाई आधी कोळंबी बंद करतात, मग वांगं, मग शेंगदाणे. गांध्या तरीही उठतातच. कारण नाव पित्त असलं, तरी पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि गांधी उठते. तो खोलवर झिरपला की ओठ-पापण्या सुजतात. एक गांधी साधारण 24 तासांत जिरते, सूज उतरायला कधी दोन-तीन दिवसही लागतात. हे चक्र 6 आठवड्यांच्या पुढे चाललं, की डॉक्टर त्याला जुनाट आजार मानतात.

अशा रुग्णांपैकी काहींच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं सापडतात, स्त्रियांमध्ये अधिक. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजते. 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला थायरॉईडचा आजार याच प्रकारचा. म्हणून सतत गांध्या उठणाऱ्यांची थायरॉईड तपासणी करतात. मात्र थायरॉईड ताळ्यावर आलं म्हणजे गांध्या थांबतीलच, असं नाही. दोन्हींचे उपचार वेगवेगळे चालतात.

रमजानमध्ये अडचण येते ती वेळापत्रकाची. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते. ती सहेरीच्या अर्धा-एक तास आधी किंवा रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी झोपताना घेता येते. अंगावरच्या पित्ताची गोळी गांध्या नसल्या तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावी लागते. ती इफ्तारनंतर बसते. रोज्याच्या पहिल्या दिवसांत चहाविना डोकं दुखतं, म्हणून घेतलेली अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन काहींच्या गांध्या वाढवते. वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला, तर मगरिबच्या अजानची वाट पाहायची नाही. थेट दवाखाना गाठायचा.

आजाऱ्याला ही सवलत धर्मानंच दिली आहे. कुरआनातल्या सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजारी आणि प्रवासी यांना सुटलेले रोजे पुढे पूर्ण करण्याची मुभा आहे. ज्यांना कधीच जमणार नाही, ते प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालतात, त्याला फिदया म्हणतात. सवलत घेणारी स्त्री कमी ईमानाची ठरत नाही. तरीही ती भरल्या घरात दाराआड उभी राहून पाणी पिते, कारण प्रत्येकाला कारण सांगायचा तिला कंटाळा आलेला असतो.

तिच्या कॅलेंडरवर सुटलेल्या दिवसांभोवती पेन्सिलीचे गोल आहेत. हे रोजे ती थंडीत धरणार आहे, तेव्हा दिवस लहान असतात. काकूंनाही आता सगळं ठाऊक झालं आहे. परवा त्या खजुराची वाटी घेऊन आल्या. 'काय खाल्लंस?' नाही, 'रोजा आहे का?' नाही. एवढंच म्हणाल्या, "रात्री झोप लागली का गं?"