पत्रा फोडू नका, भिजवा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जिल्हा परिषदेच्या शाळांची डागडुजी निघते. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातलं धावडा असो की कोकणातली एखादी वाडी, खोल्यांवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा किंवा रंगीत पत्रे चढवायचे, हे काम जवळपासचाच मिस्त्री घेतो. हुकबोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. ते सोडवत बसण्यापेक्षा हातोड्याचे दोन घाव घातले की पत्रा तुकडे होऊन खाली येतो. माझं सगळं म्हणणं त्या दोन घावांबद्दल आहे.

या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतं, बाकी मुख्यतः सिमेंट. हे ॲस्बेस्टॉस म्हणजे बहुधा क्रायसोटाइल, आणि निसर्गानं घडवलेल्या खनिजांत याच्याइतकं देखणं खनिज क्वचितच सापडेल. त्याच्या स्फटिकात दोन थर एकमेकांना जोडलेले असतात, एक सिलिकाचा आणि दुसरा मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमच्या थराचं माप किंचित मोठं. जोडलेले तर आहेत, पण मापं जुळत नाहीत. मग तो पदर सपाट राहूच शकत नाही, सुरळीच्या वडीसारखा स्वतःभोवती गुंडाळत जातो. असे असमान थर जोडले गेले तर ते वाकतील, असं रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनं १९३० मध्येच सुचवलं होतं. पुढे १९५० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली क्रायसोटाइलच्या पोकळ नळ्या खरोखरच दिसल्या. एका नळीची जाडी २५-३० नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात ते अशा असंख्य नळ्यांचे जुडगे.

हातोडा बसला की हे जुडगे उभे चिरत जातात आणि अधिकाधिक बारीक होतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोलवर पोचतात. तिथल्या भक्षक पेशी बाहेरून आलेला कण गिळून टाकतात, पण स्वतःपेक्षा लांब तंतू त्यांना गिळता येत नाही. त्या धडपडत राहतात, दाह होत राहतो, आणि वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग उभा राहतो.

पत्र्याचे कारखानदार म्हणतात की तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला आहे, मग भीती कसली? यातला अर्धा भाग खरा आहे. धड असलेल्या पत्र्याखाली बसून शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आज रात्रीची झोप घालवावी, अशी स्थिती नाही. पण पावसाळ्यामागून पावसाळे वरचं सिमेंट झिजवतात आणि तंतू उघडे पडतात. २०१४ सारखी गारपीट मराठवाड्यात झाली की पत्रे फुटतात. आणि दुरुस्तीच्या दिवशी तर तो बांध आपणच हातानं तोडतो.

हा धोका उशिरा कळला असं अनेकदा लिहिलं जातं, आणि ते वाचून मला दर वेळी लुसी डीनची आठवण होते. मद्रासमध्ये जन्मलेली ही बाई ब्रिटनच्या पहिल्या महिला कारखाना-निरीक्षकांपैकी एक. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या धुळीनं कामगारांची प्रकृती बिघडते, हे तिनं १८९८ च्या सरकारी अहवालात नोंदवलं. ती धूळ वैद्यकीय निरीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा कण काचेसारखे धारदार, दातेरी दिसले. हाताशी ना आकडेवारी, ना क्ष-किरण तपासणी. नीट पाहणं आणि पाहिलेलं लिहून ठेवणं एवढंच होतं. अहवाल छापला गेला आणि पडून राहिला. रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या नेली कर्शॉ या कामगार स्त्रीचा १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मृत्यू झाला, त्यावर डॉ. कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि ब्रिटनमध्ये धुळीवरचे पहिले नियम आले १९३१ मध्ये. ॲस्बेस्टॉसच्या इतिहासात पुढच्या डॉक्टरांची नावं ठळक असतात. माझ्या मते पहिलं नाव डीनचं हवं.

मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची पाहणी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी पाचात एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टोसिस, म्हणजे या धुळीनं फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार, होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं होतं की अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा ती सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपाव्यात. आजार किती सावकाश येतो, हे न्यायालयानं ओळखलं होतं. पण शाळेचा पत्रा उतरवणाऱ्या रोजंदारीच्या माणसाची नोंद कोण ठेवणार?

म्हणून त्याच्या वाट्याची धूळ उठूच नये, हाच उपाय. मुलं सुट्टीवर असतानाच काम काढावं. आधी बाकं, पुस्तकं, तक्ते बाहेर न्यावेत, विजेचा प्रवाह बंद करावा आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरावं. साबणाची पूड मिसळलेलं पाणी झारीनं पत्र्यावर शिंपडत राहावं. जोराचा फवारा नको, त्यानं तंतू उडतात. बोल्ट तेल घालून सोडवावा, नाहीतर हाताच्या बोल्ट-कटरनं तोडावा. ग्राइंडर अजिबात लावू नये. पत्र्यावर पाय देऊ नये, तो मोडून माणूस थेट खाली येतो. परांचीवरून दोघांनी धरून अख्खा पत्रा खाली द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल इथं निरुपयोगी आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा. खराटा फिरवू नये, ओल्या फडक्यानं पुसावं आणि फडकंही कचऱ्याबरोबर बांधावं. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत: लंडनमधल्या १९६५ च्या अभ्यासात ज्यांना कर्करोग झाला, त्यांत कामगार नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकाही होत्या.

सगळ्यात अवघड भाग यानंतरचा. आपल्याकडे जुना पत्रा कोणी फेकत नाही. तो गोठ्यावर चढतो, तुकडे कुंपणाला लागतात, चुरा रस्त्यातल्या खड्ड्यात जातो आणि त्यावरून गाड्या फिरतात. खरं तर पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर ठळक नाव लिहून, घातक कचऱ्याच्या केंद्रावर जायला हवेत. असं एक केंद्र पुण्याजवळ रांजणगावला आहे. जालन्याहून तिथवर ट्रकचं भाडं पडतं, आणि ते एकट्या मुख्याध्यापकांच्या आवाक्यातलं नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मजुरी, सिमेंट, सळई यांच्या बरोबरीनं ही वाहतूक आणि मास्कचा खर्च धरला, आणि तालुक्यातल्या शाळांचे पत्रे एकाच खेपेत पाठवले, तर ते जमू शकतं. शाळा व्यवस्थापन समितीनं निविदा निघण्याआधीच ही मागणी लेखी द्यावी. ठेकेदार ठरल्यावर मागितलं तर पैसे कुठून आणायचे, असाच प्रश्न समोर येईल.