बेटावर राहायचे कुठे? उतारवयातल्या प्रवाशांसाठी हॉलंडच्या टेसल बेटाची माहिती



पेसाह झाला की आपल्याकडे दरवर्षी एकच विषय निघतो : या उन्हाळ्यात कुठे जायचे? लार्नाकाला विमानाने तासाभरात पोहोचता येते, रोड्स आणि क्रीटही दूर नाहीत. त्यामुळे बहुतेकांचा कौल भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटाला मिळतो. ही बेटे सुंदर आहेत यात शंका नाही. रोड्सच्या जुन्या शहरातले १५७७ साली बांधलेले काहाल शालोम सिनेगॉग तर आपण प्रत्येकाने एकदा पाहावे असेच आहे.

परंतु सत्तरी ओलांडलेल्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जाण्याआधी दोनदा विचार करावा. बेरशेबा आणि दिमोनाचे ऊन सोडून पुन्हा तशाच उन्हात जाण्यात विश्रांती ती कसली? जुलै २०२३ मध्ये रोड्सवर वणवे पेटले, तेव्हा सुमारे १९,००० माणसांना घरांतून आणि हॉटेलांतून हलवावे लागले. तरुण माणूस पिशवी खांद्यावर टाकून चालू लागतो. आपल्याला आधी काठी, मग चष्मा, मग गोळ्यांचा डबा शोधावा लागतो. शिवाय रोड्सच्या जुन्या शहरात पुष्कळ गल्ल्यांना गोट्यांची फरसबंदी आहे. डोळ्यांना ती छान दिसते, गुडघ्यांना मात्र पहिल्याच दिवशी समजते. ही बेटे एप्रिल-मेमध्ये किंवा सणांनंतर पाहावीत.

मग भर उन्हाळ्यात बेटावर जायचेच असेल तर कुठे जावे? आमची लेक हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टेलवेनला राहते. तिच्याकडे जाणे होते, तेव्हा आम्ही दोघे आणि आमच्याच वयाची आणखी तीन माणसे मिळून टेसल या बेटावर राहून आलो. नाव लिहिताना त्यात ‘क्स’ येतो, पण तिथली माणसे ‘टेसल’ असेच म्हणतात. उन्हाळ्यात तेथे दुपारी साधारण वीस अंश तापमान असते. पाचांपैकी एकाचा गुडघा बदललेला, एकीला इन्सुलिन चालू, आणि तरीही सगळे आनंदाने हिंडले. त्या अनुभवावरून आणि वाचून-विचारून मिळवलेल्या माहितीवरून हे लिहीत आहोत.

आधी मुक्काम, मग प्रेक्षणीय स्थळे

तरुण लोक आधी स्थळे ठरवतात आणि मग जवळपास खोली पाहतात. आपल्या वयात हा क्रम उलटा करावा. सहल बिघडते ती एखादे संग्रहालय राहून गेले म्हणून नव्हे, तर खोलीकडे जायला जिना आहे, औषधाचे दुकान दूर आहे, किंवा बस निघून गेली म्हणून. खोली ठरवण्यापूर्वी आम्ही चार प्रश्न विचारतो : पायऱ्या किती? औषध कुठे? बस केव्हा? आणि चूल कोणाची?

पायऱ्यांविषयी एक सांगतो. ‘लिफ्ट आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत?’ असे विचारावे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याकाठची जुनी घरे अरुंद आणि उंच आहेत. त्यांचे जिने इतके उभे, की आपल्या गिरगाव-डोंगरीच्या चाळींचे जिने त्यांच्यापुढे सपाट वाटावेत. अ‍ॅन फ्रँकच्या घरातला जुना भागही अशाच जिन्यांचा आहे. ते पाहायचे असेल तर तिकीट आधीच इंटरनेटवरून घ्यावे लागते, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी हट्ट करू नये.

म्हणून अ‍ॅमस्टरडॅम पाहायचे असले तरी झोपायला शहराच्या दक्षिणेकडच्या बाउटेनवेल्डर्ट किंवा अ‍ॅमस्टेलवेन भागात जावे. इमारती नव्या, रस्ते सपाट, शहरात जायला ट्राम. मुख्य म्हणजे ज्यू वस्ती याच भागात जास्त आहे, त्यामुळे कोशेर पाव, मांस आणि सिनेगॉग जवळपास मिळतात.

टेसलला कसे जावे

अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडी सव्वा तासात उत्तर टोकाच्या डेन हेल्डर गावी पोहोचते. स्टेशनवरून बंदराला बस मिळते, आणि तेथून मोठी फेरीबोट वीस मिनिटांत टेसलला लावते. बोटीत लिफ्ट आहे, बसायला प्रशस्त जागा आहे. तिकीट जातानाच काढायचे, त्यातच परतीचे भाडे धरलेले असते.

या बोटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या फेरीसेवेला बेटावरची माणसे कंटाळली होती. तेव्हा वाखेमाकर नावाच्या तिथल्याच एका डॉक्टरने पुढाकार घेतला, गावकऱ्यांनी शेअर घेतले आणि १९०७ साली स्वतःची बोट कंपनी काढली. ती आजही चालू आहे आणि तिच्या एका बोटीला त्या डॉक्टरचेच नाव आहे. आमच्यातल्या ज्यांनी रेवस-अलिबागच्या लाँचची वाट पाहत बालपण काढले, त्यांना ही गोष्ट फार आवडली.

बेटावर कोणत्या गावी राहावे

टेसल हे वाडन समुद्रातले हॉलंडचे सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे पंचवीस किलोमीटर, वस्ती चौदा हजारांच्या आसपास, गावे सात. उंच डोंगर कुठेच नाहीत! गुडघ्यांना याहून चांगली बातमी नाही.

दे कोख हे समुद्रकाठचे गाव सहलीच्या जाहिरातींत दिसते. पुळण जवळ आहे, पण वाटेत वाळूच्या टेकड्या आहेत, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी तरुणांची गजबज असते. नातवंडे बरोबर असतील तर बरे. दे कॉक्सडॉर्प उत्तर टोकाला आहे, शांत आणि सुंदर, पण सगळ्यापासून लांब. औदेस्खिल्त हे मासेमारीचे बंदर, दिवसा पाहायला उत्तम.

आमचे मत डेन बुर्ख या मधल्या गावाला आहे. तेथून समुद्र दिसत नाही, हे खरे. पण औषधाचे दुकान, किराणा, बँक, बसथांबा हे सर्व पायी अंतरावर आहे. सोमवारी चौकात बाजार भरतो. बंदरावरून दे कोखला जाणारी बस याच गावातून जाते. इतर गावांसाठी छोट्या गाड्या आहेत, त्यांची नोंदणी आधी करावी लागते. खोली देणाऱ्यांना विनंती केली तर ते करून देतात.

बेटावर मोठे रुग्णालय नाही. डॉक्टर आहेत, पण रुग्णालय डेन हेल्डरला, म्हणजे पाण्यापलीकडे. ज्यांना अलीकडे हृदयाचा त्रास झाला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेटावर मुक्काम करू नये. अ‍ॅमस्टेलवेनला राहून टेसलला दिवसभरात जाऊन यावे. प्रवासाचा विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेला आजार ऐनवेळी उघड होतो आणि विमा कंपनी हात वर करते. औषधे सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. तातडीच्या मदतीसाठी फोन क्रमांक ११२.

चूल आणि शब्बाथ

बेटावर कोशेर खाणावळ नाही. त्यामुळे स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, दोन पातेली आणि एक सुरी घरूनच न्यावी. पाव आणि मांस अ‍ॅमस्टेलवेनहून नेता येते. मासळी मात्र बेटावर ताजी मिळते. खवले असलेले चपटे मासे आपल्याला चालतात. बंदरावर धुरी दिलेली वाम फार प्रसिद्ध आहे, ती आपल्याला वर्ज्य. शिंपले आणि कोळंबीही वर्ज्य. तळलेले मासे दुकानातून घेऊ नयेत, कारण बहुधा त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. नारळाच्या दुधाचे डबे हॉलंडमध्ये सहज मिळतात, इंडोनेशिया आणि सुरिनामशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे. आम्ही पहिल्याच संध्याकाळी नारळाच्या रसातली मासळीची आमटी केली आणि वास गल्लीभर गेला.

शब्बाथचा हिशेब नीट करावा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. शनिवारी शब्बाथ सुटतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. त्यानंतर प्रवास करणे आपल्याला झेपणार नाही. म्हणून रविवार ते गुरुवार टेसलला आणि शुक्रवारी सकाळीच अ‍ॅमस्टेलवेनला परत, ही विभागणी सोयीची. तेथे सिनेगॉग पायी अंतरावर मिळते आणि मिन्यानची चिंता राहत नाही.

काय पाहावे

दिवसाला एकच गोष्ट पाहावी, असा नियम आम्ही केला आणि शेवटपर्यंत पाळला.

पहिली गोष्ट ओहोटी. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम जाणवते. आपल्या मुलांना आणि नातवंडांना ती ठाऊकच नाही. टेसलच्या पूर्वेला वाडन समुद्र ओहोटीला मैलोगणती उघडा पडतो आणि चिखलावर हजारो पक्षी उतरतात. २००९ साली या समुद्राला जागतिक वारसा ठरवले गेले. ओहोटीला अलिबागच्या किल्ल्यात पायी गेलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटत नाही. बांधावरच्या बाकावर बसून पाहावे, चिखलात उतरू नये.

दुसरी गोष्ट दे कोखजवळचे इकोमारे हे ठिकाण. आजारी आणि पोरकी सील पिल्ले तेथे सांभाळली जातात. तिसरी, उत्तरेचे लाल दीपगृह. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन सैन्यात भरती झालेल्या जॉर्जियन सैनिकांनी या बेटावर बंड केले. हॉलंडमधले युद्ध ५ मे रोजी संपले, तरी येथे २० मेपर्यंत माणसे मरत राहिली. दीपगृहाच्या जुन्या भिंतीवर त्या लढाईच्या खुणा अजून आहेत. वर चढायची गरज नाही, खालूनही समुद्र दिसतो.

चौथी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची : औदेस्खिल्तचे काप स्किल संग्रहालय. सतराव्या आणि अठराव्या शतकांत पूर्वेकडे जाणारी डच कंपनीची जहाजे टेसलच्या आसऱ्याला नांगरून अनुकूल वाऱ्याची वाट पाहत. बेटावरच्या विहिरींचे लोहयुक्त पाणी पिंपांत जास्त दिवस टिके, म्हणून तेच भरून घेत. त्या पाण्याचे पैसे डेन बुर्खच्या अनाथाश्रमाला मिळत, म्हणून त्या विहिरींना आजही अनाथांच्या विहिरी म्हणतात. संग्रहालयात त्या जहाजांच्या तळाची भलीमोठी प्रतिकृती आहे. बुडालेल्या एका जहाजातून पाणबुड्यांनी वर काढलेला सतराव्या शतकातला रेशमी पोशाखही आहे. साडेतीनशे वर्षे वाळूखाली राहून त्याची वीण शाबूत राहिली.

अशाच जहाजांनी डच लोक आपल्या वेंगुर्ल्याला आले. तेथे त्यांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. १६६३ साली त्यांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले आणि तिथल्या ज्यूंना मोकळा श्वास घेता आला. १६८६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजातले मोझेस परेरा दे पायवा कोचीनला जाऊन आले आणि पुढच्या वर्षी त्यांचा वृत्तांत अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. पुढे अठराव्या शतकात कोचीनच्या प्रथेची प्रार्थनापुस्तकेही अ‍ॅमस्टरडॅमलाच छापली गेली. १७६८ साली कोचीनच्या यहेज्केल राहाबी यांनी हेगच्या टोबियास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात तर आपलाच उल्लेख आहे : मराठी मुलुखात राहणारे, तेलाचे घाणे चालवणारे, ‘शेमा’ म्हणणारे आणि शब्बाथ पाळणारे लोक. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनहूनच शिक्षक कोकणात आले आणि त्यांनी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना धर्मशिक्षण दिले.

नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून आलेल्या पूर्वजांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. समुद्राने आपल्याला एकटे पाडले असे आपण समजतो. त्याच समुद्रावरून आपली खबर हॉलंडपर्यंत पोहोचली होती, हे त्या प्रतिकृतीसमोर उभे राहिल्यावर मनाला भिडते. परतल्यावर अ‍ॅमस्टरडॅमचे १६७५ सालचे पोर्तुगीज सिनेगॉग अवश्य पाहावे. त्याच्या मुख्य दालनात आजही विजेचे दिवे नाहीत, पितळी झुंबरांत मेणबत्त्या लावतात.

शेवटी थोडेसे

जाण्यास जून महिना उत्तम. शाळांच्या सुट्या लागलेल्या नसतात आणि दिवस मोठा असतो. वारा मात्र बारा महिने असतो, म्हणून कान झाकणारी टोपी आणि पाऊस अडवणारे जाकीट न्यावे. समुद्राचे पाणी थंड आणि ओढीचे असते. पाय भिजवावेत, पोहू नये. एकटे असाल तर दोघीतिघींनी मिळून शेजारच्या खोल्या घ्याव्यात. खर्च वाटला जातो आणि रात्री कोणीतरी हाकेच्या अंतरावर असते.

प्रवास करण्याजोगी वर्षे आता मोजकी आहेत, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुले म्हणतात, ‘आता घरी बसा.’ त्यांना आपली काळजी वाटते, त्यात गैर काही नाही. त्यांच्यापुढे हे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत : पायऱ्या, औषध, बस, चूल. उत्तरे नीट असली की तीच मुले तिकिटे काढून देतात.