बालवाडीच्या वेळापत्रकात धावण्याला जागा हवी

तीन ते पाच वर्षांचे मूल स्वभावतःच धावते, चढते, उड्या मारते, त्यामुळे त्याच्या हालचालीसाठी मोठ्यांनी वेगळी योजना करण्याची गरज नाही, असा समज घराघरांत रूढ आहे. परंतु ज्या मुलांच्या जागेपणीचे बरेचसे तास पाळणाघरात, बालवाडीत किंवा अंगणवाडीत जातात, त्यांच्या बाबतीत हा समज टिकत नाही. कारण तेथे मूल किती हालचाल करील, हे त्याच्या स्वभावाइतकेच त्याला मिळणाऱ्या मोकळ्या जागेवर, दिवसाच्या आखणीवर आणि सांभाळणाऱ्या ताईंच्या दृष्टिकोनावर अवलंबून असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी हालचाल, बैठेपणा आणि झोप यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांपैकी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचालीची, म्हणजे श्वास जलद होईल आणि अंग तापेल अशा धावण्या-उड्या मारण्याची असावीत. न रांगणाऱ्या तान्ह्या बाळालाही जागेपणी, कोणाच्या देखरेखीखाली, दिवसातून एकूण अर्धा तास पालथे खेळू द्यावे आणि कोणत्याही लहान मुलाला खुर्चीत किंवा बाबागाडीत सलग एका तासाहून अधिक काळ जखडून ठेवू नये, असेही ही तत्त्वे सांगतात. तीन तासांचा आकडा प्रथमदर्शनी मोठा वाटतो. मात्र तो एका बैठकीत पुरा करायचा नसून दिवसभर विखुरलेल्या छोट्या छोट्या हालचालींची ती बेरीज आहे.

संस्थेचा प्रभाव किती असतो, हे अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाचे रसेल पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. नऊ बालशाळांमधील मुलांच्या कमरेला त्यांनी त्वरणमापक, म्हणजे शरीराच्या हालचालीची तीव्रता क्षणाक्षणाला नोंदवणारे छोटे यंत्र, बांधले. मध्यम ते जोमदार हालचालीची सरासरी एका शाळेत तासाला साडेचार मिनिटांच्या आसपास, तर दुसऱ्या शाळेत सुमारे दहा मिनिटे भरली. मूल कोणत्या बालशाळेत जाते, यावरून त्याच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

हा फरक का पडतो, याचा शोध सिनसिनाटी येथील बालरोगतज्ज्ञ क्रिस्टन कोपलँड यांनी सांभाळणाऱ्या शिक्षिकांशीच चर्चा करून घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तीन अडथळे पुढे आले: मुलाला इजा होईल ही भीती, मैदान आणि साधने यांसाठी पैशांची चणचण, आणि खेळापेक्षा अक्षरे-अंक लवकर शिकवावेत हा पालकांचा आग्रह. महाराष्ट्रातील शहरांत इमारतीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या बालवाड्यांनाही हे तिन्ही अडथळे अपरिचित नाहीत. तेथे वही भरलेली दिसली की शिक्षण झाले असे मानले जाते आणि घामाघूम झालेले मूल मात्र वेळ वाया घालवून आल्यासारखे वाटते.

वास्तविक धावण्याचा वेळ हा शिक्षणाचाच वेळ असतो. तोल सांभाळणे, चेंडू फेकणे व झेलणे, एका पायावर उडी मारणे या शरीराच्या मोठ्या स्नायूंच्या कौशल्यांना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात आणि ती केवळ वय वाढल्याने पुरती येत नाहीत, तर संधी, सराव आणि थोडे मार्गदर्शन मिळाल्याने पक्की होतात. खांदा आणि पाठ यांत बळ आले म्हणजे बसण्याची ढब सुधारते आणि पेन्सिल धरणाऱ्या हाताला आधार मिळतो; शिवाय हाडे मजबूत होतात, झोप चांगली लागते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय खेळताखेळताच लागते.

संस्थेने मुलाच्या गरजेप्रमाणे स्वतःला बदलावे, ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यामागचा विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. या योजनेत पूरक पोषण आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणही येते. मात्र दाट वस्तीतील लहानशा खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला प्रत्यक्ष अंगण लाभतेच असे नाही, आणि आहारवाटप, नोंदी, गृहभेटी यांचा भार वाहणाऱ्या सेविकेकडून खेळाची अपेक्षा करताना तिला वेळ आणि मदतनीसाची साथ देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

तरीही थोडक्या जागेत पुष्कळ करता येते. मूल बहुधा क्षणभर धावते, थबकते आणि पुन्हा धावते, म्हणून एका लांब तासापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे खेळ दिवसातून अनेकदा घेणे अधिक सोयीचे असते. डोंगर-पाणी, बेडूकउड्या, जमिनीवर आखलेल्या खडूच्या रेषेवरून चालणे, बडबडगीतांवर अभिनयासह नाचणे यांना खर्च लागत नाही आणि पावसाळ्यात ते खोलीच्या आतही घेता येतात. चालण्यात अडचण असलेल्या मुलासाठी नियम बदलून त्यालाही खेळात घेता येते. घसरगुंडीखाली वाळू टाकणे, खिळे आणि काचा रोज वेचणे आणि एका मोठ्या माणसाने जवळ उभे राहणे, हा इजेच्या भीतीवरचा खरा उपाय आहे. खेळ बंद करणे हा नव्हे. दंगा केल्याची शिक्षा म्हणून खेळाची सुट्टी काढून घेणे तर सर्वथा टाळावे, कारण ज्या मुलाला स्वस्थ बसणे जड जाते, त्यालाच हालचालीची सर्वाधिक गरज असते.

पालकांचा वाटाही यात मोठा आहे. प्रवेश घेताना शुल्क आणि अभ्यासक्रम विचारणाऱ्या पालकांनी मुले दिवसातून किती वेळा बाहेर जातात, कोठे धावतात, पावसात काय खेळतात, हेही विचारावे आणि मुलाला सैल, मळले तरी चालतील असे कपडे व पायात घट्ट बसणारी पादत्राणे घालून पाठवावे. पालक जे विचारतात, तेच संस्था पुरवू लागतात. पोषण आहार ज्याप्रमाणे मुलाचा हक्क मानला जातो, त्याचप्रमाणे रोज मनसोक्त धावणे हाही त्याचा हक्क आहे आणि तो वेळापत्रकात लिहिला गेला पाहिजे.