महागडा सर्व्हर : पैसा वसूल की नुसताच थाट?

हॉस्टेलच्या कट्ट्यावर एक वाद कायम रंगतो. "ब्रँडेड सर्व्हर कशाला? तेवढ्यात तपकीर गल्लीतून पार्ट आणून दोन मशीन उभी करू!" नुसता वेग पाहिला तर म्हणणं खोटं नाही. वेग स्वस्तातही जमवता येतो. अमेरिकेनं हवा तो क्रे महासंगणक दिला नाही, तेव्हा पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथे लहान ट्रान्सप्युटर चिप एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

मग महागड्या सर्व्हरचे जादा पैसे कशाचे? न थांबण्याचे! त्यात बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. एक जळला तर दुसरा भार उचलतो. खराब हार्ड डिस्क मशीन चालू असतानाच बदलता येते. मेमरी 'ईसीसी' प्रकारची असते. तिच्यात साधारणपणे दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात, त्यामुळे एखादा बिट उलटला तर तो वाचतानाच दुरुस्त होतो.

"बिट कुठे उलटतात रे?" असं कोणी म्हणेल. गूगलच्याच सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये निदान एक तरी चूक सापडली. साध्या पीसीत अशी चूक गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते आणि कळतही नाही.

गंमत म्हणजे, याच गूगलनं १९९९ मध्ये स्वस्तातले मदरबोर्ड कॉर्कच्या तुकड्यांवर मांडून काम चालवलं होतं. पण त्यांच्याकडे मशीन ढीगभर होती आणि एक मेलं तर दुसऱ्यावर काम वळवणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंही होती. हार्डवेअरचे वाचवलेले पैसे असे दुसरीकडे लागतातच.

आता आपल्या चिखलीतलं एखादं वर्कशॉप घ्या. सर्व्हर एकच, त्यावरच स्टॉक, बिलं, चलनं. तो बसला की चाकणला निघालेला टेम्पो दारातच उभा! समजा, चांगल्या सर्व्हरला १ लाख रुपये जास्त पडले आणि तो ५ वर्षं चालला. म्हणजे वर्षाला २० हजार. काम थांबल्यावर तासाला १० हजारांचं नुकसान होत असेल, तर वर्षात दोन तास वाचले की हिशेब चुकता. उलट हॉस्टेलच्या लॅनवर सिनेमे ठेवायला तोच सर्व्हर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

एक मात्र विसरू नका. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच बोर्डात खुपसले आणि यूपीएस नसेल, तर लाइट गेल्यावर दोन्ही सोबतच झोपणार. डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते. बजेट तोकडं असेल तर आधी यूपीएस, मग दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप, आणि उरलेल्या पैशांत सर्व्हर.

तेव्हा उद्या नोकरीत साहेबांनी विचारलं, "कुठला घेऊ?" तर मॉडेलचं नाव सांगण्याआधी उलट विचारा, "साहेब, हा तासभर बंद पडला तर आपलं किती जातं?" उत्तर तिथेच मिळेल.