म्हातारा पॉमेरियन आणि चहासोबतची चार बिस्किटं : छोट्या कुत्र्याला उतारवयात काय खायला द्यावं?

१९९४ साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतोय ना? तो पांढराशुभ्र कुत्रा इंडियन स्पिट्झ जातीचा होता. आपल्याकडे या जातीला सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणतात आणि आजही कितीतरी घरांत हा लाडोबा सापडतो.

छोट्या जातीचे कुत्रे मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. १२ ते १५ वर्षं हे काही नवल नाही. ग्रेट डेनसारखा दांडगा कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच म्हातारा होतो, तर पॉमेरियन, पग किंवा डॅशहुंड साधारण ८ ते १० व्या वर्षी उतारवयाला लागतो. म्हणजे आयुष्याचा बराच काळ तो ‘ज्येष्ठ नागरिक’ असतो आणि त्याचं खाणं मात्र तेच राहतं : दूध-पोळी आणि चहाच्या वेळी बिस्किटं!

एक पोळी म्हणजे किती?

५ किलो वजनाच्या, फारशी हालचाल नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० कॅलरी पुरतात. एका मध्यम पोळीत १०० च्या आसपास कॅलरी असतात. चार ग्लुकोज बिस्किटांतही जवळपास तेवढ्याच. म्हणजे आपल्याला ‘एवढंसं’ वाटणारं खाणं त्याच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा असतो. माणसाच्या हिशोबात सांगायचं, तर रोजच्या जेवणावर सहा पोळ्या जास्तीच्या!

हे वजन पुढे गुडघ्यांवर, पाठीच्या कण्यावर, हृदयावर आणि श्वासावर येतं. २००२ साली अमेरिकेत लॅब्राडॉर कुत्र्यांवरचा एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २५ टक्के कमी खाणं मिळालेले कुत्रे त्यांच्या भावंडांपेक्षा सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले. जात वेगळी असली तरी धडा सगळ्यांना लागू आहे.

म्हणून वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. बिस्किटाऐवजी काकडीचा, उकडलेल्या गाजराचा किंवा बिया काढलेल्या सफरचंदाचा तुकडा द्या. त्याला हवं असतं ते तुमचं लक्ष, साखर नव्हे.

‘आता मांस-अंडी बंद करा’ हे खरं आहे का?

सरसकट नाही. वय झालं की स्नायू झिजतात, त्यामुळे निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला चांगली प्रथिनं लागतातच. उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन चालतं. किडनीचा आजार निघाला, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार बदलायचा. मात्र फक्त चिकन-भात हे पूर्ण जेवण नाही. त्यात कॅल्शियम अगदीच कमी पडतं. घरचंच द्यायचं असेल, तर प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.

जेवण सोडलं म्हणजे नखरे नव्हेत

छोट्या जबड्यात दात दाटीवाटीने असतात, त्यामुळे या जातींमध्ये हिरड्यांचे आजार खूप आढळतात. कुत्रा वाडग्यापाशी येतो, हुंगतो आणि परत जातो. एकाच बाजूने चावतो. तोंडाला घाण वास येतो. हे दातदुखीचं लक्षण असू शकतं. आधी दात तपासून घ्या. तोवर कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्या. त्यामुळे ते मऊ होतं आणि वासही सुटतो. वयानुसार नाक मंदावलेल्या कुत्र्याला याने भूक लागते. दोन वेळच्या जेवणाचे तीन-चार छोटे भाग केले, तर पचायलाही सोपं जातं. नवीन खाद्य सुरू करताना आठवडाभरात हळूहळू बदल करा.

हे मात्र अजिबात नको

कांदा-लसूण (म्हणजे आपला रस्साही), द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली शुगर-फ्री मिठाई. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा धोक्याचे! तळणीचे पदार्थ आणि मटणाची चरबी यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. दूध पिऊन जुलाब होत असतील, तर तेही बंद करा.

महिन्यातून एकदा एवढं करा

त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. आकडा कॅलेंडरवर लिहा. ५ किलोच्या कुत्र्याचं अर्धा किलो घटणं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं ५ किलो घटणं. केसाळ कुत्र्यात हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बरगड्यांवर हात फिरवून पाहा. त्या हाताला सहज लागायला हव्यात, पण टोचायला नकोत.

खाऊनही वजन उतरतंय, पाणी अचानक जास्त पितोय किंवा दिवसभर जेवला नाही, तर ‘वय झालंय’ म्हणून थांबू नका. मधुमेह, किडनी, हृदय यांचे आजार अशीच चाहूल देतात आणि वेळेत कळले तर त्यांच्यावर इलाज करता येतो. म्हातारपण हा आजार नाही, पण आजार म्हातारपणाच्या नावाखाली सहज लपतो.